हात घाण नको कर गे

गेल्या महिन्यात बहिणीकडे राहायला गेले होते. दुपारची वेळ. बहीण बँकेच्या कामाला बाहेर गेलेली, अम्मी जोहरची नमाज पढून जानमाजवरच तसबी ओढत बसलेली, आणि मी पंख्याखाली पेंगत होते. तीन वर्षांचं मूल असलेल्या घरात फार वेळ शांतता असली की उठून बघावं, हे मला अनुभवानं माहीत आहे. उठले. स्वयंपाकघरात ओट्याखाली छोटी बसली होती. कणकेचा डबा उघडा, हळदीची वाटी पालथी, शेजारी भांडी घासायच्या साबणाची वडी आणि पाण्याचा पेला. फरशीवर पिवळा चिखल, आणि त्यात तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत बुडलेले.

ती हसत नव्हती, बोलत नव्हती. मी आल्याचंही तिला कळलं नव्हतं. एक बोट चिखलातून ओढायची, मागे राहिलेल्या रेघेकडे बघायची, मग तळहातानं ती रेघ पुसून टाकायची. पुन्हा बोट, पुन्हा रेघ. मध्येच बोट नाकाशी नेऊन वास घ्यायची. मग साबणाची वडी उचलून चिखलावर घासायची आणि थांबून बघत राहायची.

मी विचारलं, "छोटी, क्या बनाई गे?"

तिनं वर बघितलं. थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "गाडी."

ती गाडी नव्हती. त्यात चाक नव्हतं, गाडीसारखं काहीच नव्हतं. खालानं काहीतरी विचारलं आहे, उत्तर दिलं पाहिजे, म्हणून तिनं दिलं. तेवढ्यात मागून अम्मीचा आवाज आला, "या अल्ला! हात घाण नको कर गे! पूरा आटा नास करी!" छोटीला उचलून मोरीत नेलं, हात धुतले, फ्रॉक बदलला, आणि ती रडून रडून झोपली. संध्याकाळी मेहुणे आले. धुण्याआधी मी मोबाइलवर एक फोटो काढला होता, तो त्यांनी बघितला आणि म्हणाले, "डिझाइन भारी आहे हो. ड्रॉइंगच्या क्लासला घालू या का हिला?"

मला चित्र दिसलं, अम्मीला नासाडी दिसली, मेहुण्यांना गुण दिसला. पोरगी काय करत होती हे आम्हा तिघांपैकी कुणालाच दिसलं नाही. मला ते कळलं फरशी पुसताना. सगळा चिखल पिवळा होता, पण चार-पाच ठिकाणी लालभडक डाग होते, आणि नेमके तिथेच साबणाचे ओरखडे होते. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे आपल्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. बिर्याणीचा हात पुसलेली ओढणी धुवायला घेतली की आधी डाग लाल होतो आणि आपल्या छातीत धस्स होतं. छोटीला ते त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं होतं. एकदा दिसलं म्हणून तिनं दुसऱ्यांदा करून बघितलं, मग तिसऱ्यांदा, वेगळ्या जागी. आणि मी तिला विचारत होते, काय काढलंस.

हा प्रश्न आपण मुलांना दिवसातून किती वेळा विचारतो! त्यात आपला हेतू वाईट नसतो. पण त्याच्या पोटात एक समज दडलेली असते: रंग हातात घेतला म्हणजे कशाचं तरी चित्र झालंच पाहिजे. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला हे ठाऊकच नसतं. त्याच्या हातात खडू आला की आधी तो तोंडात जातो. मग आपटला जातो. मग कधीतरी जमिनीवर घासला जातो आणि मागे काहीतरी उरतं. आपला हात हलला आणि जगात एक खूण राहिली, हाच त्याच्यासाठी मोठा शोध असतो. आपण सगळ्यांनी लहानपणी पाटीवरची पेन्सिल खाल्ली आहे, पाटी थुंकीनं पुसली आहे, ओल्या पाटीचा वास घेतला आहे. त्यासाठी मारही खाल्ला आहे. अक्षर येण्याच्या कितीतरी आधी पाटी आपल्याला जिभेनं, नाकानं आणि बोटांनी कळलेली होती.

रोडा केलॉग नावाच्या एका अमेरिकी बालशिक्षिकेनं आयुष्यभर लहान मुलांची चित्रं गोळा केली, वेगवेगळ्या देशांतली, लाखोंनी. त्यावरचं तिचं मोठं पुस्तक 1969 साली आलं. आपण ज्याला गिरगोट्या म्हणतो त्यांत तिला 20 मूळ प्रकार सापडले: ठिपका, उभी रेघ, आडवी रेघ, नागमोडी, गुंडाळी, वगैरे. कुठलंही मूल घ्या, ते साधारण याच रेघांतून जातं. कुठल्याही आईनं न शिकवता. सुमारे तीन वर्षांचं झालं की वर्तुळ बंद करायला जमतं. कशाचं तरी चित्र काढणं त्याच्या नंतरचं. मधल्या काळात मुलं आधी रेघोट्या ओढतात आणि मागाहून त्यांना नाव देतात. तेच नाव दहा मिनिटांनी बदलतं. छोटीची गाडी संध्याकाळी विचारलं असतं तर मांजर झाली असती.

व्हिक्टर लोवेनफेल्डचं उदाहरण मला याहून जास्त भिडतं. हा व्हिएन्नाचा. तिथल्या अंध मुलांच्या शाळेत तो मुलांकडून मातीच्या मूर्ती करून घ्यायचा. ज्यांना काहीच दिसत नाही त्यांना कला कशी शिकवणार, असं तेव्हा लोक म्हणत. त्याच्या मुलांनी चेहरे घडवले, तेही आतून जाणवतात तसे: ताणलेला जबडा, आवळलेला गळा. ज्यू असल्यामुळे हिटलरच्या काळात त्याला देश सोडावा लागला. अमेरिकेत जाऊन त्यानं 1947 साली जे पुस्तक लिहिलं ते पुढे चित्रकला-शिक्षकांच्या पिढ्यांनी वाचलं. छापील चित्रांत रंग भरायच्या वह्यांना त्याचा कडक विरोध होता. मुलांची कला डोळ्यांपुरती नसते, हे ज्या माणसानं न बघणाऱ्या मुलांबरोबर काम करून ओळखलं, त्याचा शब्द मला वजनदार वाटतो.

आणि एवढ्या लांब जायचीही गरज नाही. आपल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसोरीची साधनं महाग होती, आदिवासी पाड्यांवर ती परवडणार कुणाला? ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, खडे, पानं, माती हीच साधनं केली. मुलं शाळेत येत नव्हती तर त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात. आजच्या अंगणवाडीचं मूळ तिथे आहे. गंमत बघा, परदेशातून 'सेन्सरी प्ले' नावाचा खोका मागवून त्यातली रंगीत वाळू आपण मुलाला देतो, आणि त्याच मुलाला बिल्डिंगखालच्या मातीत बसू देत नाही.

इथवर सगळं कुठल्याही घरातलं झालं. आता आपल्या घरातलं बोलू. मुसलमान घरात हळदीच्या चिखलात बसलेल्या पोरीकडे बघताना दोन भीत्या जास्तीच्या असतात. एक पाकीची आणि दुसरी तस्वीरची. दोन्ही आपण मुलांच्या डोक्यावर लादतो आणि दोन्हींच्या बाबतीत आपण आपल्याच दीनपेक्षा जास्त कडक होतो, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आधी पाकी. माती लागली की "नापाक झाला" असं किती आया म्हणतात! माती नापाक कशी? वजूला पाणी मिळालं नाही तर आपण तयम्मुम कशानं करतो? पाक मातीवर हात मारून तेच हात चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवतो. जी माती नमाजसाठी पाण्याच्या जागी चालते, ती तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला लागली की घाण होते, हे गणित मला कधी सुटलं नाही. आदमला मातीपासून घडवलं हे आपण मुलांना मक्तबमध्ये पाठ करायला लावतो, आणि मातीत हात घातला की फटका देतो. आणि खऱ्या नापाकीची गोष्ट घेतली तरी हदीसमध्ये काय आहे? एका तान्ह्या मुलानं हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या कपड्यांवर लघवी केली, तर त्यांनी पाणी मागवून त्यावर ओतलं. एवढंच. ना मुलाला ढकललं, ना त्याच्या आईला सुनावलं. इथे मात्र पोराच्या फ्रॉकला रंग लागला की सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्या त्या आईचा उद्धार करतात.

आता तस्वीर. इथे मी जपून लिहिते, कारण मी आलिमा नाही आणि मला फतवा द्यायचा नाही. जानदार गोष्टींची चित्रं काढणाऱ्यांबद्दलच्या कडक हदीस आहेत, बुखारीत आहेत, त्या नाकारायचा माझा इरादा नाही. इब्ने अब्बास यांनी एका चित्रकाराला काढायचंच असेल तर झाडं काढ, निर्जीव वस्तू काढ असं सांगितल्याचंही तिथेच येतं. मोठ्यांनी याचा काय अर्थ लावायचा यावर उलेमांमध्ये मतं वेगवेगळी आहेत. फोटोच्या काळात तर आणखी वेगळी. तो वाद ज्यांना कळतो त्यांनी घालावा.

पण त्याच बुखारीत हजरत आयेशा बाहुल्यांशी खेळायच्या हेही आहे, त्यांच्या मैत्रिणी खेळायला यायच्या आणि हुजूर त्यांना अडवत नसत हेही आहे. अबू दाऊदमध्ये एक प्रसंग आहे, तो मला फार आवडतो. बाहुल्यांमध्ये एक घोडा असतो, त्याला चिंध्यांचे दोन पंख. हुजूर विचारतात, हे काय? उत्तर येतं, घोडा. आणि त्याच्यावर हे काय? पंख. घोड्याला पंख? त्यावर त्या सांगतात, सुलेमान अलैहिस्सलाम यांच्या घोड्यांना पंख होते हे तुम्ही ऐकलं नाही का? आणि हुजूर दाढा दिसेपर्यंत हसतात.

हा प्रसंग आठवला आणि मी जरा थबकले. 'हे काय?' हा प्रश्न तर त्यांनीही विचारला होता. म्हणजे प्रश्न वाईट नाही. विचारणाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि उत्तर कितीही अजब आलं तरी ते ऐकून घ्यायची तयारी होती. घोड्याला पंख नसतात, काढून टाक, असं ते म्हणाले नाहीत. मी छोटीला विचारलं तेव्हा मला जाणून घ्यायचं नव्हतं. मला फक्त त्या पसाऱ्याला एक नाव हवं होतं, म्हणजे तो पसारा राहिला नसता, चित्र झाला असता आणि मला परवडला असता.

आणखी एक. आशुऱ्याच्या रोज्याबद्दल रुबय्यि बिन्त मुअव्विज यांची रिवायत आहे. मुलांनाही रोजा ठेवायला लावत आणि मूल भुकेनं रडलं की इफ्तारपर्यंत मन रमावं म्हणून त्याच्या हातात लोकरीचं खेळणं देत. मला त्यात लोकर दिसते. मऊ, हातात चोळता येणारी. रडणाऱ्या मुलाच्या हातात काय द्यावं हे त्या बायकांना बरोबर कळत होतं.

तस्वीरचा सगळा वाद प्रतिमेबद्दल आहे. कशाचं तरी रूप उभं करण्याबद्दल. तीन वर्षांचं मूल हळदीत बोट फिरवतं तेव्हा ते कशाचंच रूप उभं करत नसतं. मग त्या वादाशी त्याचा संबंध काय? तरीही आपण भीतीपोटी सगळाच दरवाजा लावून घेतो. आज रंग दिले तर उद्या माणूस काढेल, म्हणून रंगच नकोत. विजापूरला इब्राहिम रोजा बघायला आपल्या भागातून सहली जातात. तिथल्या दगडी जाळ्या बघून कुणी विचारतं का, हे कशाचं चित्र आहे? ज्या परंपरेनं कशाचंही चित्र नसलेल्या रेघेला एवढं मोठं केलं, त्या परंपरेच्या घरात मुलाची बिनअर्थाची रेघ जास्त सुखानं राहायला हवी होती. तसं झालेलं नाही.

हे मी बाहेरून बघून लिहीत नाही. माझा मुलगा चार वर्षांचा होता तेव्हा त्यानं भिंतीवर एक माणूस काढला. त्या वयाची मुलं काढतात तसा: एक मोठं डोकं आणि डोक्यातूनच निघालेले दोन पाय. घरात पाहुणे होते. त्यांतल्या एका बुजुर्गांनी भिंतीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. बोलले काही नाहीत. मी त्याच संध्याकाळी भिंत पुसली, खडूचा डबा कपाटावर ठेवला आणि मुलाला सांगितलं, घर काढ, झाड काढ, माणूस काढायचा नाही. तो शहाणा मुलगा होता, त्यानं ऐकलं. मग तो काय काढायला लागला, तुम्हाला ठाऊकच आहे. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, बाजूला झोपडी. आमच्या गावात डोंगर नाही, आणि नदी आठ महिने कोरडी. हे चित्र त्यानं कुठे बघितलं नव्हतं, कुठे हात लावून अनुभवलं नव्हतं. वर्गातल्या सगळ्यांनी काढलं म्हणून काढलं. त्याला बक्षीसही मिळालं.

आज तो एकोणीस वर्षांचा आहे, डिप्लोमा करतो. रंग दिले असते तर चित्रकार झाला असता असलं काही मी म्हणणार नाही, मेहुण्यांसारखं. माझ्या मनाला वेगळंच लागून राहिलं आहे. त्या संध्याकाळी त्याला एवढं कळलं की आपल्या हातातून जे निघालं त्यानं अम्मी घाबरली. का घाबरली ते त्याला कळायचं वय नव्हतं, आणि मी सांगितलंही नाही.

हे वाचून आपले सुशिक्षित, 'पुढारलेले' लोक खूश होतील, की बघा, मुल्ला-मौलवींमुळे मुलांची कला मारली जाते. थांबा जरा. ज्या घरांत तस्वीरची भीती नाही तिथे काय चाललंय ते बघू. मी एका इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत पालकसभेला गेले होते. भिंतीवर तीसेक मोर लावलेले. सगळे निळे, सगळ्यांची मान डावीकडे, सगळ्यांचा पिसारा मुलाच्या पंजाच्या ठशाचा. खाली प्रत्येकाचं नाव. एका मुलाला मी विचारलं, तू केलास का हा? तो म्हणाला, "टीचरनं केला." खरंच सांगितलं बिचाऱ्यानं. त्याचा पंजा रंगात बुडवून कागदावर दाबला आणि लगेच ओल्या कागदानं पुसून घेतला, एवढाच त्याचा वाटा. रंग गार होता का, बोटांमध्ये कसा सरकला, दोन रंग एकमेकांत मिसळले तर काय होतं, हे कळायला त्याला अर्धं मिनिटही मिळालं नाही. बाकी सगळा मोर पालकांसाठी. घरी येणारी वर्कशीटही तशीच. सफरचंद लाल, पान हिरवं, रेघेच्या बाहेर गेलं की गुण कमी. तीन वर्षांच्या मुलाला!

इकडच्यांना चित्र झालं म्हणून राग येतो, तिकडच्यांना चित्र झालं नाही म्हणून. नजर दोघांचीही कागदावर. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ हा पायाभूत टप्पा ठरवून खेळातून शिकण्यावर भर दिला. कागदावर ते उत्तम आहे. पण पालकच पहिल्या आठवड्यात "होमवर्क काहीच देत नाही का हो?" म्हणून विचारायला गेले तर बाई तरी काय करतील?

आता बायकांचं म्हणणं. मी हे सगळं बहिणीला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आपा, धुवायला तू येणारेस का?" तिचा मुद्दा खरा आहे. मुलांना मोकळं सोडा असं लिहिणारी माणसं बहुतेक वेळा स्वतः फरशी पुसत नसतात. दोन खोल्यांचं घर, एक दिवसाआड नळाला पाणी, सासू-सासरे, आणि डाग पडला तर घरमालकाची कटकट. अशा घरातली आई "हात घाण नको कर" म्हणते तेव्हा ती कलेची दुश्मन नसते, ती थकलेली असते. पसारा आवरायला घरातला पुरुष उठत नाही तोवर मुलांच्या मोकळेपणाचं बिल आईच भरते. मेहुण्यांना मी हे सांगितलं. ते हसले. पुढच्या वेळी बघू.

आणि अम्मीशीही माझं एका बाबतीत भांडण नाही. तिला राग हाताचा कमी आणि आट्याचा जास्त आला होता. पिठाशी खेळायचं नाही, हा आपल्या घरांचा नियम मला मान्य आहे. आजकाल मुलांना खेळायला तांदूळ, डाळ, शेवया देतात, रंगवून वगैरे. ज्या घरात जमिनीवर पडलेला भाकरीचा तुकडाही उचलून पुसून बाजूला ठेवतात, तिथे हे गळी उतरणार नाही, आणि उतरूही नये. रिज्क आहे ते. माती फुकट आहे, पाणी जपून वापरता येतं, गेरू आहे, विटेची पूड आहे, कोळसा आहे, चुलीतली राख आहे. तारा-अनुताईंनी यावरच शाळा चालवली.

खरं तर आपल्याला हे सगळं येत होतं. रमजानच्या शेवटी मेंदीची पानं वाटून लहान पोरींच्या मुठीत तो गोळा द्यायचा आणि वरून फडकं बांधायचं. माझ्या पिढीच्या मुलींना आठवत असेल. कोन नव्हते, नक्षी नव्हती. ती गार, ओली, कडवट वासाची मूठ रात्रभर उराशी घेऊन झोपायचं आणि सकाळी फडकं सोडलं की अख्खा तळवा लाल. हे कशाचं चित्र आहे असं आम्हाला कुणी विचारलं नाही. आता तीन वर्षांच्या पोरीच्या हातावरही कोननं अरबी डिझाइन काढतात, आणि ते फिसकटू नये म्हणून तिला तासभर हात हलवू देत नाहीत.

दिवाळीत आमच्या गल्लीत किल्ला व्हायचा. जोशींची पोरं, आम्ही, मोमीनांची पोरं, सगळी मिळून. विटा, पोतं, वर चिखलाचे थर. त्यावर अळीव पेरायचे आणि रोज सकाळी उगवलं का बघायला पळायचं. कोपरापर्यंत माती. तेव्हा कुणाच्याही आईनं हाक मारून उठवलं नाही, कारण ते 'किल्ला' होतं, त्याला नाव होतं, मान होता. कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत ज्यांनी बघितले आहेत त्यांना त्यामागचं काम ठाऊक असेल. ताबूत असावेत की नसावेत यावर आपल्यात वाद आहेत, तो आजचा विषय नाही. पण ताबूत बनतात तिथे कुठेही जा, लहान पोरं खळीच्या पातेल्याभोवती असतातच. हाताला खळ, खळीला चिकटलेले रंगीत कागद, आणि ते सोलून काढायची मजा. मोठी माणसं कामात असतात, पोरांकडे कुणाचं लक्ष नसतं. लक्ष नसल्यामुळेच बहुधा ती एवढा वेळ तिथे रमतात.

परवा पुन्हा बहिणीकडे गेले. येताना कुंभारगल्लीतून पाटीभर माती घेतली. गच्चीवर जुनी परात, अर्धा मग पाणी आणि छोटी. मी तोंड बंद ठेवायचं ठरवलं होतं, ते फार अवघड गेलं. तीनदा ओठांवर प्रश्न आला. ती माती थापटत होती, उचलून सोडत होती, पाण्यात बोट बुडवून पुन्हा मातीत खुपसत होती. थोड्या वेळानं अम्मी वाळवण बघायला वर आली. म्हणाली, "फिर घाण करी?" मी म्हटलं, आटा नाही, माती आहे. ती जिन्याच्या पायरीवर टेकली. बघत बसली. मग पुढे सरकली आणि म्हणाली, माती फार सैल झाली आहे, असं होत नाही. तिनं बाह्या वर केल्या. लग्नाआधी गावाकडे ती दर आठवड्याला चूल सारवायची, हे मला माहीत होतं, पण तिचा हात मातीत कसा चालतो हे मी कधी बघितलं नव्हतं. दोन्ही अंगठ्यांनी दाबत, मध्येच ओला हात फिरवत तिनं चार बोटांची एक चूल केली, पुढून तोंड असलेली, मागे तीन खुंट.

छोटीनं ती बघितली, त्यात मूठ घातली आणि मोडली. अम्मी काही बोलली नाही. मोडलेली माती गोळा केली आणि पुन्हा मळायला घेतली. छोटीनं पाणी मागितलं. मगात थोडंच उरलं होतं, अम्मीनं तेच ओतलं.